मागच्या डाव्या दाराचं हँडल

बाबांची गाडी पोलादपूरला, त्यांच्या दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती, म्हणून वाचली. महाडच्या घरात पुराचं पाणी माळ्यापर्यंत चढलं, त्यात आईच्या साड्या, तिची पेटी, तिचे होते-नव्हते ते फोटो, सगळं चिखलात गेलं. आई त्याच्या बरीच वर्षं आधी वारली होती. पुरानंतर दोन वर्षांनी बाबा गेले. मागे राहिली ती गाडी.

दादा पुण्याला असतो. तो म्हणाला, "भंगारात देऊन टाक." मी म्हटलं, मी ती होती तशी करून घेणार. शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते, आणि बाबांची लाडकी मीच होते.

इंजिनाचं काम महाडच्या मेकॅनिकने दोन महिन्यांत उरकलं. अडलं ते आतल्या बारीकसारीक वस्तूंपाशी. डॅशबोर्डवरची चकचकीत पट्टी गेली होती, समोरच्या कप्प्याला झाकण नव्हतं आणि मागच्या डाव्या दाराला आतून काहीच नव्हतं. ना दार उघडायचं हँडल, ना काच खाली-वर करायचं.

"इंजिन कुठूनही जमवता येतं ताई," मेकॅनिक म्हणाला, "पण या वस्तू आता कोण बनवत नाय."

मी हट्टाला पेटले. पुण्याच्या जुन्या बाजारात तीन रविवार घालवले. मुंबईच्या भंगारवाल्यांकडे हात काळे करून घेतले. पट्टी एकाकडे मिळाली, झाकण कोल्हापूरहून आलं. हँडलांची जोडी मात्र कुठे सापडेना. शेवटी साताऱ्याच्या एका गृहस्थांकडे ती निघाली. त्यांनी मापं विचारून घेतली आणि एसटीच्या पार्सलने धाडून दिली. महाड स्थानकातल्या बाकावरच मी पुडकं फोडलं. हँडलांवर थोडा गंज होता. तो पदराने पुसताना मला भरून आलं.

भरून येण्याचं कारण होतं. आईची जागा त्याच दारापाशी असे. पुढे बाबांच्या शेजारी मी, मागे उजवीकडे दादा, डावीकडे आई. गाडी थांबली की बाबा उतरून मागून वळसा घालून यायचे आणि आईसाठी दार उघडायचे. महाडच्या बाजारपेठेत बायका थांबून बघायच्या. डॉक्टर बायकोला किती जपतात, असं त्या आपल्या नवऱ्यांना ऐकवायच्या. मीसुद्धा माझ्या नवऱ्याला हे अनेकदा ऐकवलं होतं. बाबा गेले तेव्हाच्या शोकसभेत तर माइकवरून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने ती हँडलं बसवायला घेतली आणि मला जवळ बोलावलं. दाराला आतून लावलेलं रेक्झिनचं पॅड त्याने उचकटलं होतं.

"या पॅडला भोकंच नायत," तो म्हणाला. "बाकी तिन्ही दारांना हायत. आणि आतला दांडा बघा. हँडल गळून पडलं असतं तर दांडा राहिला असता. हा करवतीने कापलाय."

मी बोट फिरवून पाहिलं. कापलेली कड सरळ, गुळगुळीत होती.

जुन्या गाड्यांच्या गाद्या शिवणारे एक म्हातारे पोलादपूरला आहेत. बाबांच्या गाडीचं सगळं काम त्यांच्याकडेच असायचं. मी त्यांच्या घरी गेले. त्यांची नजर आता अधू झाली आहे, पण मी कोणाची मुलगी ते सांगितल्यावर त्यांनी मला खुर्ची द्यायला लावली. मी हँडलाचं विचारलं.

"हरवलं नाय ते," ते म्हणाले. "काढलं. मीच कापलं."

"का?"

"डॉक्टरांनी सांगितलं. पॅड असं शिव म्हणाले, की भोक दिसता नये. मी इचारलं नाय. पण गावात समद्यांना ठावं होतं."

"काय ठाऊक होतं?"

"तुमची आई भोरवरनं येताना वरंधला गाडीतनं उतरली होती. गाडी हळू झाली आन् दार उघडून चालायला लागली. परत घाटाकडं. माहेराकडं. डॉक्टरांनी हाताला धरून आणून बसवली. तुम्ही तवा लई बारक्या होता, ताई." मग ते म्हणाले, "काच कशाला बंद करताय, एवढं मी बोललो होतो. त्येंनी ऐकलं नाय. काच खाली आली तर हात भायेर घालून दार उघडंल, म्हणाले."

तिथल्या तिथे मला एक गोष्ट आठवली आणि ती आजपर्यंत माझी पाठ सोडत नाही. आईला घाट लागायचा. वरंध्याच्या वळणांवर ती मागून म्हणायची, "अहो, जरा थांबता का?" बाबा म्हणायचे, "आलंच आता." मग ती पदरात ओकायची. मी पुढच्या सीटवर काच खाली करून वाऱ्यात बसलेली असायचे आणि नाक धरून म्हणायचे, "शी आई, काच उघडता येत नाही का तुला?"

उतरताना बाबा दार उघडून उभे राहायचे आणि ती ओला पदर मुठीत धरून, खाली मान घालून बाहेर यायची.

त्याच संध्याकाळी मी दादाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. मी आठ वर्षांचा होतो. बाबांनी मला सांगितलं होतं, तू उजव्या दाराशी बसायचं, आईने सांगितलं तरी जागा सोडायची नाही. मी बसायचो." त्याचा आवाज कोरडा होता. "तुला वाटायचं, पुढची सीट तुला मिळाली म्हणजे तू लाडकी."

"मग इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस?"

"शोकसभेत तू एवढं छान बोललीस. तेव्हा सांगायचं होतं?"

मी फोन ठेवला.

बाबांवर ओरडायची सोय नव्हती. आईला एकदा तरी विचारायला हवं होतं, की वरंधहून तू कुठे निघाली होतीस, आणि परत आल्यावर काय झालं. ती गेली तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. विचारायला वेळ भरपूर होता. तिला सांगण्यासारखं काही असेल, असंच मला कधी वाटलं नव्हतं.

काम अर्धवट सोडून चालणार नव्हतं. मेकॅनिकने नवा दांडा घडवला, पॅडला भोकं पाडली, दोन्ही हँडलं बसवली. "बसून बघा ताई," तो म्हणाला. मी नको म्हटलं.

गाडी विकायची ठरवली, तेव्हा ज्याला ती भंगारात घालायची होती त्या दादानेच हरकत घेतली. बाबांची आठवण आहे, लोक काय म्हणतील, असं तो म्हणाला. मी म्हटलं, लोकांना माहीत आहे. त्यावर तो चिडला आणि आमचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

गाडी घ्यायला नाशिकचे एक हौशी गृहस्थ बायकोसह आले. त्यांनी दारं एकेक उघडून पाहिली, रंगावरून हात फिरवला. मागच्या डाव्या दाराशी थांबून म्हणाले, "इथला दांडा नवा दिसतोय. जुन्याला काय झालं होतं?"

"गंजला होता," मी म्हटलं आणि त्यांना कागदपत्रं दाखवायला घरात घेऊन गेले.