आपल्यात कसली लिखापढी

“पोरीच्या डोक्यावर हात ठेव. ठेव आणि सांग, भाले परत दिले म्हणून.”

हे वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. बोलणारे छत्तीसगडातल्या दुर्गचे, मराठी, हार्डवेअरचे व्यापारी. मी त्यांना काका म्हणत असे. त्यांच्या नव्या बंगल्यासमोर बाबा आणि मी उभे होतो. बाबांनी बनवलेलं लोखंडी गेट समोर बसवलेलं होतं. काकांचे रायपूरचे मेहुणे पायरीवर चहा पीत होते. गल्लीतले चारसहा लोक थांबून बघत होते. मी बारावीत होते. बाबा मला परीक्षेचा फॉर्म भरायला नेत होते. वाटेत काकांचा फोन आला, आत्ताच्या आत्ता ये, म्हणून स्कूटर तिकडे वळवली होती.

झालं होतं ते असं.

शेजारच्या भिलाईत, जामुल रोडवर बाबांचं गेट-ग्रिल बनवायचं छोटं दुकान आहे. हिंदी बोलणारं गिऱ्हाईक आलं की बाबा वहीत गेटचं चित्र काढत, माप लिहीत आणि खाली त्याची सही घेत. फार काही नाही, पण घेत. काका आले आणि मराठीत बोलले. “अरे, तू तर आपला माणूस निघालास. आपल्यात कसली लिखापढी?” बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी वही उघडलीच नाही. भिलाईत दिवसभर हिंदीतच बोलावं लागतं. घराबाहेर कोणी मराठीत बोललं की आम्हाला तो नातेवाईकच वाटतो. मग काकांनी आडनाव विचारलं. ऐकून जरा थांबले. “असं होय,” म्हणाले. त्यानंतर त्यांच्या घरी बाबांना चहा कागदी कपात येऊ लागला. आम्ही त्याचा विचार केला नाही. खरं तर केला. बोललो नाही.

गेटवर भाल्यांची टोकं लावायची ठरली होती. टोकं काकांनीच आपल्या दुकानातून दिली, पोतंभर. काम अर्धं झालं तेव्हा ते स्वतः आले. वास्तूवाला नको म्हणतो, टोकं काढ, प्लेन कर. बाबांनी प्लेन केलं. पोतं त्यांच्या घरी नेऊन नोकराच्या हातात दिलं. गेट बसलं. त्या दिवशी मेहुणे आले, हसले आणि म्हणाले, हे तर गोडाऊनचं गेट दिसतं.

एवढंच. एका माणसाचं हसणं काकांना सहन झालं नाही.

“मी कधी म्हटलं प्लेन कर? भाले विकून खाल्लेस आणि वर मलाच सांगतोस?”

“तुमीच आले होते ना भाऊसाहेब दुकानात. पोतं मी तुमच्या मानसाच्या हातात देलं. त्याले विचारा.”

तो माणूस तिथेच पाइपने झाडांना पाणी घालत होता. त्याने मान वर केली नाही. त्याला उद्या त्याच घरात कामाला यायचं होतं.

“काही लिहून घेतलंस? माझी सही आहे कुठे?”

मेहुणे म्हणाले, “जीजाजी, ये लोग लिखना कब से सीख गए?”

आणि मग ते. पोरीच्या डोक्यावर हात ठेव.

बाबांनी हात उचलला. मला तो येताना दिसला. मी मागे सरले.

का सरले, नीट सांगता येत नाही. शपथेची भीती नव्हती. बाबा खरंच बोलत होते. पण वाटलं, माझं डोकं काय पुरावा आहे? आणि शपथ फक्त आम्हीच का घ्यायची? मी म्हणाले, “बाबा, नका घेऊ. हे घेणार आहेत का?” आवाज फार लहान निघाला.

काका लोकांकडे वळले. “बघा. पोरगीच हात ठेवू देत नाही. चोर कोण ते कळलं.”

लोक हसले. बाबांनी हात खिशात घातला. त्यांनी गेट उतरवलं, टोकं आपल्या पैशाने आणली, लावून दिली.  मग एकदाच म्हणाले, “तू मागं कावून सरली? तिथंच मी चोर झालो.”

 माझा नकार खरा होता. तो बाबांना महाग पडला, हेही खरं.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. दुसऱ्या वर्षी कायद्याच्या तासाला सर म्हणाले, तोंडी करारही करारच असतो. मी पहिल्यांदा हात वर केला. “सर, समोरचा नाही म्हणाला तर?”

“मग साक्षीदार लागेल.”

मला झाडांना पाणी घालणारा तो माणूस आठवला. कायदा आमच्या बाजूने होता. गल्ली नव्हती. बाबांचा एक शब्द होता, काकांचा एक. बंगल्यासमोर कोणाचा शब्द जड, हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. कागदाने सगळं होतं असं मी म्हणत नाही. पण कागद असता तर माझ्या डोक्यापर्यंत गोष्ट आली नसती.

मी एक पान तयार केलं. काय बनवायचं, केवढं, माल कोणाचा, उरलेला कोणाच्या हातात दिला. मध्ये काही बदललं तर त्याची वेगळी सही. दोन प्रती.

बाबा म्हणाले, “पराया मानसाले ठीक आहे. आपल्या मानसापाशी कागद मागनं बरं नाही दिसत.”

“आपल्याच माणसानं केलं ना, बाबा.”

मागच्या महिन्यात सेक्टर २ मधले मामा आले. स्टील प्लांटमधून रिटायर झालेले, आमच्याच समाजाचे, मला लहानपणापासून ओळखणारे. जय भीम केला. जिन्याची रेलिंग करायची होती. मी पान पुढे केलं.

“हे काय वं? आमच्यावर भरोसा नाही राहिला?”

“भरोसा आहे मामा. तरी लिहून घेऊन राहिली.”

मामा बाबांना म्हणाले, “पोरीले शिकवलं न् घरात वकील आनून ठेवला तू.” पान न वाचताच निघून गेले. रेलिंग दुसऱ्याने केली.

मला वाईट वाटलं. मामा बेइमान नाहीत. पण पहिल्या दिवशी काकाही नव्हते.

“घरचा मानूस गेला तुह्या कागदापायी,” बाबा म्हणाले.

“जाऊ द्या,” मी म्हणाले. या वेळी आवाज लहान निघाला नाही.

आता आमच्या दुकानात सहीशिवाय लोखंड कापलं जात नाही. मराठी असो, हिंदी असो, समाजाचा असो. लोक कमी येतात. येऊ देत. माझ्या बापाला चोर म्हणायचं असेल, तर यापुढे कागद समोर ठेवून म्हणावं लागेल.