मार्ग तुटल्यावर जहाजाचं काय होतं

ऑफिसात सगळे त्याला कप्तान म्हणत. कप्तान तो कधीच नव्हता. आठ वर्षांपूर्वीपर्यंत एका मालवाहू जहाजावर दुय्यम अधिकारी होता, इतकंच. पण कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या त्या कंपनीत खऱ्या समुद्रावर जाऊन आलेला तोच एकटा, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच.

समुद्र त्याने आपण होऊन सोडला नव्हता. एके दिवशी जहाजाच्या मालकाने फोन उचलणंच बंद केलं. जहाज परक्या बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं, ते तिथेच राहिलं. पैसे भरायला कुणी नाही म्हणून बंदरवाले आत घेईनात आणि माणसांना किनाऱ्यावर उतरूही देईनात. नऊ माणसं अकरा महिने समोरच्या रस्त्यावरच्या गाड्या बघत बसली. डिझेल संपलं, मग पाणीही पावसाचंच प्यायची पाळी आली. स्वयंपाक्याच्या पायाची जखम चिघळत गेली आणि शेवटी पाय कापावा लागला.

घरी आल्यावर वर्षभराने त्याने पुन्हा एकदा जहाजाची शिडी चढून बघितली. अर्ध्यावरून पुढे त्याला चढवेना. तो खाली उतरला तो कायमचाच. मग मेहुण्याने खटपट करून त्याला या कंपनीत लावून दिलं. काम एवढंच, की गेम खेळायचा आणि त्यातल्या चुका शोधायच्या. "ते कॉम्प्युटरचं बघतात," असं बायको शेजारणीला सांगायची आणि विषय बदलायची.

गेम पाचशे वर्षांपूर्वीच्या जगाचा होता. खेळणारा म्हणजे राजा. त्याने दोन बंदरं निवडायची, मधे रेघ ओढायची, की व्यापारी मार्ग तयार. मग एक गलबत आपलं आपण कापड घेऊन जातं, मिरी घेऊन येतं, फेऱ्या मारत राहतं. पल्ला लांबचा असेल तर वाटेत थांबायला आपल्या ताब्यातलं एखादं बंदर असावं लागतं. चाच्यांनी लुटू नये म्हणून जवळपास लढाऊ जहाज ठेवावं लागतं. आणि शत्रूने पलीकडचं बंदर जिंकलं, की मार्ग तुटतो.

या कामात त्याचा जीव रमला. वाऱ्यांच्या दिशा उलट्या दाखवल्या होत्या, त्या त्याने भांडून सरळ करून घेतल्या. कितीतरी दिवसांनी त्याला गाढ झोप लागायला लागली होती.

एका दुपारी मार्ग तुटल्यावर त्याने सहज नकाशा मोठा करून पाहिला. गलबत भर समुद्रात उभं होतं. त्याने खेळ पुढे नेला. दहा वर्षं गेली, पन्नास गेली, राजा म्हातारा होऊन मेला, तरी गलबत जागचं हललं नाही. त्यावर शोभेसाठी काढलेली चार माणसं दोर ओढत होती.

त्याने रिपोर्ट लिहिला. विभागप्रमुख बाई त्याच्या मुलीच्या वयाची होती, बोलायला गोड.

"काका, हे कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही."

"माझ्या आलं ना."

"तुमची गोष्ट वेगळी आहे."

तिला त्याची हकीकत ठाऊक होती. म्हणूनच ते वाक्य त्याला जास्त लागलं. उपाय त्याने कागदावर लिहून दिला. मार्ग तुटला की गलबताने वळायचं आणि जे जवळचं बंदर आत घेईल तिथे जायचं. दोन दिवसांनी ती स्वतः त्याच्या टेबलापाशी आली.

"तुमचं म्हणणं बरोबर आहे, काका. पण त्याला आठवडा लागेल आणि आपल्याकडे वेळ नाही. आम्ही सोपं केलंय. मार्ग तुटला की जहाज पुसलं जाईल."

"माणसांसकट?"

"माणसं नाहीतच त्यात. नुसतं चित्र आहे ते."

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला.

ज्याने चूक शोधली त्यानेच दुरुस्ती तपासायची, असा तिथला नियम. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो मार्ग आखत राहिला, बंदरं शत्रूच्या हाती जाऊ देत राहिला आणि बघत राहिला. बेचाळीस वेळा. दरवेळी गलबत अलगद नाहीसं झालं. संध्याकाळी त्याने 'व्यवस्थित चालतंय' असं लिहून खाली आपलं नाव घातलं.

घरी बायकोने विचारलं, "तोंड का उतरलंय?" त्याने सगळं सांगितलं. भाजी निवडता निवडता तिने ते ऐकलं.

"तुम्ही तिकडे होता तेव्हा मी इथे अकरा महिने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले," ती म्हणाली. "तेव्हाही सगळे गोडच बोलायचे."

"मग सोडू नोकरी?"

"सोडून जाल कुठे?"

दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्या वेळेला ऑफिसात गेला.

गेम धडाक्यात खपला. त्याच्या पुढच्या आवृत्तीच्या वेळी समुद्राचा भाग त्याने आपण होऊन दुसऱ्याला देऊन टाकला. आता तो घोडदळ तपासतो. घोड्यांतलं त्याला काडीचंही कळत नाही. त्यामुळे चुका फारशा सापडत नाहीत, आणि वरचे त्याच्यावर खूश आहेत.