दाराचा आवाज

कुंदाकाकू नव्या गाडीचं दार डोळे मिटून लावायच्या.

आधी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, मग हार, चारी चाकांखाली एकेक लिंबू, नारळ, ओवाळणी. हे सगळं त्या भराभर उरकायच्या. मग गाडीचा मालक पेढे आणि ब्लाउजपीस पुढे करायचा. काकू म्हणायच्या, "थे राहू द्या. मले एकदा ड्रायव्हरच्या सीटवर बसू द्या." आणि आत बसून, दार ओढून, तो आवाज पूर्ण विरेपर्यंत डोळे मिटून राहायच्या.

"गाडीचं खानदान दारात कळते," त्या मला सांगायच्या. "हलका पत्रा असंन तर टण्ण वाजते. भारी गाडी धप्प लागते, गादीवर उशी टाकावी तशी. बाकी सारं शोरूमवाला सांगते. दार खोटं बोलत नाई."

बोरगाव मेघेतल्या आमच्या गल्लीत नवी गाडी आली की पूजेला काकूंनाच बोलावायचे. त्यांचा हात यशाचा, असं सगळे मानायचे. त्यांनी ओवाळलेल्या गाडीला म्हणे कधी ओरखडाही उठत नसे. आमच्या गाडीचा आरसा पहिल्याच महिन्यात बाजारात तुटला होता, पण असल्या गोष्टी कोणी लक्षात ठेवत नव्हतं.

काकूंचं माहेर आर्वीचं. वडील कापसाच्या एका जिनिंगवाल्याकडे ड्रायव्हर होते. मालकाची पांढरी, फुगीर गाडी धुऊन झाली की ते लहानग्या कुंदाला मांडीवर घेऊन आवारात एक चक्कर मारायचे. स्टिअरिंग तिच्या हातात. ती जराशी मोठी झाली आणि आईने ते बंद केलं. "तवापासून हात रिकामेच आहे," असं काकू हसत म्हणायच्या. आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखं त्या 'मी जातो, मी करतो' असंच बोलायच्या.

काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, अबोल गृहस्थ. त्यांची छोटी पांढरी गाडी आठवडाभर पोर्चमध्ये कव्हरखाली असायची. किल्ली काकांच्या शर्टाच्या खिशात. रविवारी दोघं बाहेर निघायचे. पुढच्या सीटवर काकांची रेक्झीनची पिशवी, आणि काकू मागे डावीकडे. एकदा मी न राहवून विचारलं, तर काकू म्हणाल्या, "मी समोर बसली का माहा पाय आपोआप ब्रेक दाबते. त्याइले टेन्शन येते. पिशवी कुठं ब्रेक मारते?"

लग्नानंतर त्यांनी एकदा गाडी शिकायचा विषय काढला होता. काका रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "शिकून जायचं कुठं आहे तुले?"

"बरोबरच होतं म्हणा," काकू मला म्हणाल्या. "मले जायचं कुठं होतं? मी लय इचार केला. एक जागा नाई आठवली."

माझी आणि काकूंची मैत्री झाली ती त्यांच्या फोनमुळे. माझी कंपनी पुण्याची आहे. ती घरून काम करू देते, त्यामुळे मी वरच्या खोलीत बसून असते. कंपनीने दोनदा विचारलं, ऑफिसला येऊन काम करशील का. घरी म्हणाले, इथून होतंय ना, मग कशाला. मी पुढे काही बोलले नाही. शाळेतही उत्तर येत असताना मी हात वर करत नसे. माझ्या खिडकीतून काकूंचा पोर्च दिसतो. दुपारी जेवणं झाली की त्या जिना चढून यायच्या. "इंग्लिश मॅडम, फुरसत आहे का?" असं म्हणत माझ्या टेबलावर फोन ठेवायच्या. फोनवर कुठल्यातरी परदेशी घाटात कोणीतरी गोरा माणूस एखादी सेडान चालवत, भरभर इंग्रजीत बोलत असायचा.

"थांबव. हा 'अंडरस्टेटेड' म्हणते थे काय वं?"

"म्हणजे भपका नसलेलं. साधं, पण भारी."

"म्हणजे तुह्यावानी. साधी तं आहेस, भारी कवा होशीन काय मालूम."

त्यांना वेड होतं ते येऊ घातलेल्या गाड्यांचं. आलेल्या गाडीत त्यांना फारसा रस उरत नसे. हायब्रिड सेडान, त्यातही वेगवान, हा त्यांचा खास प्रांत. कोणत्या कंपनीने आठ सिलिंडरचं इंजिन काढून चार सिलिंडरचं बसवलं, वरून बॅटरी जोडली, आणि त्यावर शौकीन कसे चिडले, हे त्या गल्लीतल्या भांडणासारखं रंगवून सांगायच्या. "जुने शौकीन रडून राह्यले. म्हणते, आवाज गेला. अरे बापा, गाडी घेतली का बँडबाजा?" पण दुसऱ्याच दिवशी त्याच गाडीच्या वजनावर टीका करायच्या. "बॅटरी टाकू टाकू पार म्हैस करून टाकली तिची. वळणावर काय होईन तिचं?"

शौकिनांबद्दल त्यांची ठाम मतं होती. "एक असते लोकाइनं पाहावं म्हणून गाडी घेणारा. त्याले उंच गाडी लागते, चढायले स्टूल लागलं तरी चालते. दुसरा असते सेडानवाला. सेडानमधी बसाले वाकावं लागते. जो वाकते त्याले गाडी समजते." सेडानवाले सगळे नम्र असतात असं मला काही दिसलं नव्हतं, पण मी वाद घातला नाही.

आणि हायब्रिड त्यांना का आवडते, तेही त्यांनी सांगितलं होतं. "एका घरात दोघं. पेट्रोलवालं बोलते, बॅटरीवालं चूप राह्यते. पण चढ आला का जो चूप आहे, थोच आधी जोर लावते. इंजिन मांगून येते, बोंबलत." मग माझ्याकडे पाहून, "पण नुसती उभी राह्यली का बॅटरी उतरते, बरं का." मी लॅपटॉपकडे पाहू लागले.

गल्लीच्या टोकाला निखिलदादाचं घर. आर्वी रोडला त्यांची जिनिंग आहे. त्याने अशीच एक जर्मन हायब्रिड सेडान बुक केली, तेव्हा काकूंच्या घरी सण आल्यासारखं झालं. निखिलदादा स्वतः विचारायला आला. "काकू, हिरवा घेऊ का काळा?"

"काळ्याले आपल्या इथली धूळ पुरून उरंन. हिरवा घे, गडद. उन्हात पाहशीन तवाच हिरवा दिसंन."

"पूजा तुम्हीच करजा."

"मी नाई तं कोण करते?"

गाडी लांबत गेली. भारतात येण्याची तारीख पुढे ढकलली गेली, मग आणखी पुढे. काकू प्रत्येक नवा व्हिडिओ मला दाखवायच्या. सीटची शिलाई, मागच्या दिव्यांची रेघ, सगळं त्यांना पाठ झालं. "गल्लीत मांजरीवानी येईन," त्या म्हणायच्या. "हायवेवर वाघ."

त्या हिवाळ्यात काका गेले. सकाळी दाढी करता करता छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं.

तेरवी झाली. पुण्याला असलेला मुलगा मंगेशदादा कामावर परतला. जाताना म्हणाला, मुलांच्या शाळेला सुट्या लागल्या की आईला घेऊन जातो, घराचं नंतर पाहू. काकूंना कोणी विचारलं नाही. त्यांनीही काही म्हटलं नाही.

संक्रांतीनंतर समोरच्यांनी नवी गाडी घेतली. पूजेला दुसऱ्या गल्लीतून कोणी एक बाई आल्या. आमच्याकडे असल्या गोष्टी बोलून होतच नाहीत, फक्त बोलावणं येत नाही. लिंबावरून चाक गेल्याचा आवाज आला तेव्हा काकूंच्या खिडकीचा पडदा हलला आणि पुन्हा सरळ झाला. त्या दुपारी त्या वर आल्या नाहीत. नंतरही यायच्या कमी झाल्या.

एका दुपारी मला खिडकीतून पोर्चमधली कव्हर घातलेली गाडी दिसली. कव्हरची एक बाजू वर सरकलेली होती. आत कोणीतरी होतं. मी पाहत राहिले. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि काकू कव्हरखालून बाहेर आल्या, पदराने मान पुसत. मग हे रोजचं झालं. एकदा मी खाली गेले. कव्हर उचललं, तर त्या ड्रायव्हरच्या सीटवर बसलेल्या. काच खाली, पण समोर, बाजूला, सगळीकडे नुसतं राखाडी कापड.

"काकू, उकडतंय इथे."

"उकडू दे. इथं कोणी सांत्वन कराले येत नाई."

पुढच्या सीटवर काकांची पिशवी तशीच होती. किल्ली काकूंच्या मांडीवर. त्यांनी ती लावली नव्हती.

चैत्राच्या कडक उन्हात निखिलदादाची गाडी आली. आदल्या दिवशी त्याची आई आमच्याकडे येऊन मला म्हणाली, "उद्या गाडीले तू ओवाळजो, बेटा. कुमारिका चालते." मी विचारलं, "आणि काकू?" मला वाटतं मी मोठ्यांना उलट विचारलेला तो पहिलाच प्रश्न असावा. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तिले आता कसं बोलवावं? तिलेच वाईट वाटंन. तू समजदार आहेस." मी समजदार आहे, हे सगळ्यांना सोयीचं होतं.

गडद हिरवी, खाली झुकलेली, गाडी खरंच सुंदर होती. माझ्याकडून स्वस्तिकाची एक रेघ लांब गेली. लिंबं ठेवली, नारळ फुटला, ओवाळून झालं. निखिलदादाच्या आईने पेढे आणि ब्लाउजपीस पुढे केले. सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि मला ते अजिबात सहन होत नाही. मी म्हटलं, "हे नको. गाडी काकूंच्या दाराशी न्या. त्यांना बसायचं आहे."

ओवाळणारीचं मागणं त्याच दिवशी नाकारायचं नसतं, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि निखिलदादाच्या आईला जास्तच. निखिलदादाने मात्र सुटल्यासारखा श्वास सोडला. "बस," तो मला म्हणाला.

काकूंच्या फाटकाशी गाडी थांबली तरी घरातून कोणी बाहेर आलं नाही. मी आत गेले. घरात भट्टीसारखं तापलेलं होतं. कूलर बंद. काकू पडदा लावलेल्या खिडकीजवळ खुर्ची ओढून बसल्या होत्या, घामाने चिंब.

"कूलर का बंद केला?"

"आवाज आयकू आला पाहिजे ना. सकाळपासून बसून आहो. आली नाई का वं अजून?"

"काकू, ती तुमच्या समोरून गेली. आता दारात उभी आहे. गल्लीत आवाज करत नाही, तुम्हीच सांगितलं होतं."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग हसू लागल्या, तोंडावर पदर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काका गेल्यानंतर मी त्यांना हसताना प्रथमच पाहत होते. "मीच सांगू सांगू मेली," त्या म्हणाल्या, "अन् मीच कान लावून बसली."

मी कुंकवाची वाटी पुढे केली. त्यांनी हात मागे घेतला. "नको. माह्या हातचं लागलं अन् उद्या कुठं जराशी घासली, तं नाव कोणाचं येईन? दार लावू दे फक्त."

फाटकाबाहेर निखिलदादा गाडीतून उतरला होता आणि शेजारच्या बायका उभ्या होत्या. काकू त्यांच्याकडे न पाहता वाकून ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. दार ओढलं. डोळे मिटले. धप्प, अगदी त्या सांगायच्या तसं. मी बाजूच्या सीटवर होते. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"चालू आहे का बंद?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"चालू आहे."

तवा लागावा तसे त्यांनी हात उचलले आणि मांडीवर ठेवले. मग डोळे उघडले. काचेबाहेर बायकांची तोंडं हलत होती. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं.

"दार एक नंबर लागते," काकू सावकाश म्हणाल्या. "एवढं मस्त लागते का बाहेरचं काईच येत नाई आत. घरातबी आता असंच आहे." मग त्यांनी विचारलं, "याची काच कशी खाली होते?"

मी बटण दाखवलं. काच उतरली आणि ऊन, धूळ, बायकांचं बोलणं, सगळं एकदम आत आलं. काकूंनी कोपर खिडकीवर टेकवलं आणि थोडा वेळ तशाच बसल्या. त्यांनी गाडीबद्दल आणखी काही विचारलं नाही. त्यानंतर त्यांनी मला एकही व्हिडिओ दाखवला नाही.

सुट्या लागल्यावर मंगेशदादा आला. त्याची गाडी उंच, चढायला स्टूल लागेल अशी. काकांची पांढरी गाडी त्याने आधीच एका ओळखीच्याला देऊन टाकली होती. पोर्चमध्ये फक्त कव्हर घडी करून ठेवलेलं होतं. मी फाटकाशी उभी होते. काकू म्हणाल्या, "पुण्याले येजो. तुह्यं हापिस तिथंच आहे ना?"

"हो."

"मंग झालं. तुले कोणी इचारलं, जायचं कुठं, तं सांगाले जागा आहे."

मी मान हलवली. त्यांना तेवढं पुरलं नसावं, कारण त्यांनी माझी हनुवटी धरून वर केली आणि सोडली.

सामान भरून झालं. महत्त्वाचे कागद काकांच्या रेक्झीनच्या पिशवीत होते. मंगेशदादाने ती पिशवी पुढच्या सीटवर ठेवली. मुद्दाम नाही. लहानपणापासून त्याने ती तिथेच पाहिली होती. काकूंनी मागचं दार उघडलं, डावीकडचं. एक पाय वर ठेवला. मग पाय खाली घेतला आणि दार लावलं. पुढचं दार उघडून त्यांनी पिशवी उचलली, मागे डाव्या कोपऱ्यात नीट टेकवून ठेवली, आणि पुढच्या सीटवर चढून बसल्या.

"आई, तू समोर बसतेस?"

"हो. पाय आखडते मागं. हा पट्टा कुठं अडकवू?"

त्याने पट्टा लावून दिला. काकूंनी दार ओढलं. टण्ण वाजलं. काच खाली करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पत्राच आहे वं," त्या म्हणाल्या.

या वेळी त्यांनी डोळे मिटले नव्हते.