सेबॅस्टियनचे पाच घाव

जयवंताबाई आमच्या घरी सतरा वर्षं राहिल्या. कोण म्हणून कुणी विचारलं की माझे बाबा बिनदिक्कत सांगत, उमरेडची आत्येबहीण आहे. सपशेल थाप. खरं काय ते मी सांगते, कारण मी तेव्हा बाबांच्या शेजारीच रंगाच्या वाट्या धूत बसले होते.

१९७४ चा जानेवारी. बाबा, म्हणजे गिरिधर मूर्तिकार, मूर्तिकारांच्या गल्लीत, चितार ओळीत, गणपती आणि देव्या घडवायचे. जयवंताबाई कॅथलिक, विधवा. चर्चची झाडलोट करायच्या आणि चर्चच्याच आवारातल्या एका खोलीत राहायच्या. धूळ पुसताना त्यांच्या हातून संत सेबॅस्टियनची दोन फुटी मूर्ती पडली. मान तुटली, एक हात तुटला. चर्च कमिटीच्या सेक्रेटरीला कळलं असतं तर काम गेलं असतं आणि खोलीही, आणि जायला दुसरं घर नव्हतं. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, सणासाठी मूर्ती साफ करायला काढून ठेवली. मग लुगड्यात गुंडाळून ती सायकलरिक्षानं आमच्याकडे आणली. रविवारी, वीस तारखेला संताचा सण होता.

"शनिवारी पाचच्या आत पाहिजे, भाऊ," एवढं बोलून त्या पळाल्या. मूर्तीचे बाण त्यांच्याकडेच होते, ते सांगायचं राहूनच गेलं.

शनिवारी तीनला त्या आल्या. बाबांनी मोठ्या अभिमानानं फडकं काढलं. मान जोडलेली, हात जोडलेला, अंग कसं गुळगुळीत. बाईंनी मूर्तीच्या छातीवरून हात फिरवला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"भोकं कुठं गेली?"

"बुजवली ना. पाच होती. खंडित मूर्ती पूजेले चालते का?"

"ते बाणाचे घाव होते, भाऊ. हा संत घावांनीच ओळखल्या जाते." त्यांनी रुमाल सोडला. आत पाच लहान लोखंडी बाण होते. "पाचले लोक माझ्या खोलीवर मूर्ती न्यायले येऊन राहिले. पुन्हा पाडून द्या भोकं."

बाबांनी हात मागे घेतले. मूर्तीचे डोळे ते सगळ्यात शेवटी आखत, आणि डोळे झाले की तिला हत्यार लावत नसत. आजोबांपासूनचा नेम, आणि याचेही डोळे त्यांनी नव्यानं आखले होते. "आता तो पाहून राहिला, बाई. त्याच्या अंगाले गिरमिट कसं लावू?"

मला असा संताप आला. बाईचं घर चाललंय आणि हे नेम घेऊन बसलेत.

बाई मात्र भांडल्या नाहीत. खाली बसल्या. "हा रोमच्या बादशहाचा शिपाई होता. लपून येशूले मानत होता. बादशहाले समजलं, त्यानं झाडाले बांधून बाण मारायले लावले. मेला समजून सारे निघून गेले. एक विधवा त्याचं प्रेत न्यायले आली, तर श्वास चालू. तिनं घरी नेऊन घाव बरे केले."

"मग मीही तेच केलं," बाबा म्हणाले.

"हो. पण बरा झाल्यावर तो पळाला नाही. बादशहाच्या वाटेत जाऊन उभा राहिला, तोंडावर बोलला. तवा बादशहानं सोट्यांनी मारून टाकला."

"वाचला होता ना? मग परत काहून गेला?"

बाईंनी रुमालातले बाण एकेक करून जमिनीवर मांडले. "लपून जगणं नसन जमलं त्याले," त्या हळू म्हणाल्या.

चार वाजले. बाबा उठले, ओलं फडकं मूर्तीच्या डोळ्यांवर बांधलं. "माफ कर गा," असं तिला म्हणून त्यांनी गिरमिट घेतलं. भुगा पडू लागला. चार भोकं नीट झाली. पाचवं छातीवर, जोडलेल्या मानेच्या अगदी जवळ. तिथं तडा गेला असता तर सगळंच संपलं असतं. मी मान दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटून घेतले. गिरमिट थांबलं तेव्हाच उघडले. बाबांचा सदरा पाठीला चिकटला होता.

बाण बसले, लाल रंग लागला, पावणेपाचला रिक्षा निघाली. मला हायसं वाटलं. आता कुणाला काही कळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, संपल्यावर सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर बाईंचं कौतुक केलं, मूर्ती किती छान साफ केली म्हणून. बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "साफ नाही केली. माझ्या हातून पडली, तुटली. मी तुमच्याशी खोटं बोलली."

आठ दिवसांत त्यांना खोली सोडावी लागली. पत्र्याची ट्रंक घेऊन त्या आमच्या दारात आल्या, तेव्हा मला त्यांचा इतका राग आला की मी पाणीसुद्धा विचारलं नाही. कुणी विचारलं होतं का हिला?

बाबांनी दारातच विचारलं, "वाचल्या होत्या ना, बाई? मग काहून सांगितलं?"

"हेच तर तुम्ही त्या दिवशी विचारलं, भाऊ," बाई म्हणाल्या. "त्या रात्री झोपच नाही आली मले."

बाबांनी ट्रंक उचलली आणि आत नेऊन ठेवली.