बांडी कुणी विकली?

ती घटना आठवली की आजही मला आधी लॅपटॉपमधून आलेलं मेंढरांचं ओरडणं ऐकू येतं आणि मग स्वतःची थोडी लाज वाटते. नोकरीत जे चोर पकडले त्यांचं कौतुक लोकांनी भरपूर केलं. एका माणसाला मात्र मी बेड्या घालता घालता राहिलो, त्याच्याबद्दल आज लिहितो. नावं कुणाचीच देणार नाही. ही माणसं अजून त्याच बाजारात समोर येतात, आणि मलाही तिथेच भाजी घ्यायची असते.

मी तेव्हा जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सोमवारची सकाळ होती. उसात बिबट्या दिसल्याचा पहिला फोन येऊन गेला होता, बांधाच्या भांडणातले दोन भाऊ बाकावर पाठीला पाठ लावून बसले होते. तेवढ्यात बोरी बुद्रुककडचा एक म्हातारा मेंढपाळ नातीला घेऊन आत आला. घोंगडीच्या घडीत मोबाईल गुंडाळलेला होता. ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे उभा राहून तो म्हणाला, "सायेब, माझी बांडी इकली. मला न इचारता इकली."

आमचे ठाणे अंमलदार म्हणजे निवृत्तीला टेकलेले हवालदार. अक्षर मोत्यासारखं आणि घाई अजिबात नाही. त्यांनी कच्चा कागद ओढला आणि लिहायला घेतलं. तक्रारदाराची बांडी, म्हणजे पांढऱ्या-काळ्या अंगाची मेंढी, परस्पर विकली. मग विचारलं, "दात किती? कानाला खूण?"

म्हातारा वैतागला. "आवो ती बांडी न्हाई. मोबाईलातली बांडी."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी नातीला केबिनमध्ये बोलावलं. ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. तिनं सगळं नीट सांगितलं, तेव्हा उलगडा झाला.

या म्हाताऱ्याची, म्हणजे बाबांची, थोडी जमीन रस्त्यात गेली होती. मोबदल्याचे पैसे त्यांनी गावातल्या गुंतवणूक सल्लागाराकडून म्युच्युअल फंडात ठेवले होते. या सल्लागाराला सगळे शेठ म्हणत. शेठचे आजोबा राजस्थानातून आलेले, जैन घराणं, तीन पिढ्यांचं किराणा दुकान. याने दुकानाचं ऑफिस केलं, पण जुना तराजू दारात तसाच ठेवला. शेठच्या ॲपमध्ये प्रत्येक गुंतवणुकीला आपण म्हणू ते नाव देता येई. कुणी 'लग्न' लिही, कुणी 'ट्रॅक्टर'. बाबांना वाचता येत नव्हतं. ते म्हणाले, मला मेंढरांची नावं द्या, ती मी विसरत नाही. म्हणून औषधपाण्याची 'काळी', म्हातारपणाची 'म्होरकी' आणि नातीच्या शिक्षणाची 'बांडी'. शेठनं त्यांना हिशेबही तसाच समजावला होता, मेंढी राखायची आणि कोकरू विकायचं.

दुसऱ्या वर्षाची फी भरायची म्हणून नातीनं रविवारी ॲप उघडलं, तर बांडीसमोर शून्य. बँकेतही पैसे नाहीत. शेठचा फोन बंद. सकाळी दोघं ऑफिसवर गेले, तर शटर अर्धं खाली. बाबांनी तिथेच, भर बाजारात, चोर म्हणून आरोळी ठोकली आणि तडक ठाण्यात आले.

मी बाहेर जाऊन हवालदारांच्या कागदावर लाल पेनाने आडवी रेघ मारली. म्हटलं, "मेंढीबिंढी काही नाही. फसवणुकीचं प्रकरण आहे. नवीन कागद घ्या." त्यांनी नवीन कागद घेतला. जुना मात्र फाडला नाही, घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला.

तेवढ्यात स्टँडजवळच्या चहावाल्याचा फोन आला. माझ्या भरवशाचा खबऱ्या. "सायेब, शेठचा टेम्पो भरतोय मागच्या दारानं. फायलींचं गठ्ठं चाललंत. लवकर या राव."

आता सांगा, कुठल्या पोलिसाच्या डोक्यात दुसरं काही येईल? पैसे गायब, फोन बंद, कागद टेम्पोत. मी जीप काढली आणि दहा मिनिटांत शेठला टेम्पोसकट ठाण्यात आणलं. शेठ म्हणत होते की सगळं संगणकावर चढवलंय, ही नुसती रद्दी आहे. असं सगळेच म्हणतात, असं मी म्हणालो.

चौकशीत माणूस दोन तऱ्हेने वागतो. खोटा असेल तर भराभरा बोलतो, घाबरलेला असेल तर पाणी मागतो. शेठनं दोन्ही केलं नाही. मांडीवर लॅपटॉप धरून ताठ बसले.

"बांडी विकली कुणी?"

"बाबांच्या सांगण्यावरून मीच विक्रीला लावली. पैसे त्यांच्याच खात्यात जाणार, दुसरीकडे जाऊच शकत नाहीत. शनिवार-रविवार मध्ये आला म्हणून वाटेत आहेत."

"बाबा म्हणतात, सांगितलंच नाही."

"सांगितल्याची नोंद आहे साहेब."

"मग दाखवा."

"त्यांना समोर बसवा, मग दाखवतो. एका ग्राहकाच्या पैशाची माहिती त्याच्या माघारी मी कुणाला दाखवत नाही."

माझं डोकं फिरलं. तक्रारदार आणि संशयित यांना वेगवेगळं विचारायचं, ही आमची पहिली शिकवण. मी टेबलावर हात आपटला. "मी पोलीस आहे, शेजारी नाही."

ते म्हणाले, "लेखी नोटीस द्या, सही करून देतो. पण बाबांच्या तोंडदेखत. आज तुमच्या आवाजाला घाबरून त्यांचं उघडलं, तर उद्या दुसऱ्याच्या आवाजाला घाबरून तुमचं उघडेन."

मला तो माज वाटला. खरं सांगतो, तेव्हा मला तसंच वाटलं.

दुपारपर्यंत ठाण्याबाहेर गर्दी झाली. "आमचं बी बघा सायेब," असं म्हणत लोक मोबाईल पुढे करत होते. पारगावच्या कारखान्यातले दोघे ड्यूटी सोडून आले होते. एक पुढारी केबिनमध्ये येऊन बसला आणि म्हणाला, संध्याकाळपर्यंत अटक दाखवा, लोकांचा उद्रेक होईल. कागद तयार होता, सही तेवढी बाकी होती. ती सही झाली असती तर दुसऱ्या दिवशी ज्यानं त्यानं पैसे काढून घेतले असते आणि पुढं शेठ निर्दोष सुटले तरी काही उपयोग नव्हता. बाजारात गेलेलं नाव कोर्टातून परत मिळत नाही, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलं होतं.

सहीला पेन उचललं आणि हवालदार दारात आले. म्हणाले, "साहेब, समोरासमोर बसवायला काय हरकत आहे? पाच मिनिटं जातील." माझ्यापेक्षा हुद्द्याने लहान, पण आवाज वडिलकीचा. मी पेन ठेवलं. बाबांना, नातीला आणि शेठला एकाच टेबलाशी बसवलं.

शेठ म्हणाले, "बाबा, तुमची नोंद साहेबांना दाखवू का?"

"दावा की. मला कुणाची चोरी हाय?"

शेठनं लॅपटॉप उघडला. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत इतकी स्वच्छ स्टेशन डायरी मी पाहिली नव्हती. गुरुवारी संध्याकाळी बाबांचा आवाजी निरोप आला. त्यानंतर शेठनं दोनदा फोन केला, लागला नाही. शुक्रवारी सकाळी यंत्राचा खात्रीचा फोन गेला, बाबांनी एक दाबला. मग विक्री. पुढे बाबांच्या बँक खात्याचे शेवटचे आकडे. खाडाखोड करायची सोयच नाही.

"निरोप ऐकवू?" शेठनं विचारलं. बाबांनी मान हलवली.

लॅपटॉपमधून आधी मेंढरांचा कालवा आला, एक कुत्रं भुंकलं, आणि मग बाबांचा आवाज. "शेठ, ती बांडी काढून टाका आता. तिच्यात काय राम न्हाई ऱ्हायला. पैसं मात्र लगीच पायजेत बरं का."

बाबा लॅपटॉपकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही हात कपाळावर मारले.

"आरं देवा. ही तर माझी लंगडी बांडी."

"कुठली?" मी विचारलं.

"खरीखुरी. चार पायांची. खोडदच्या रानात त्या दुर्बिणीच्या पांढऱ्या छत्र्यांच्या मागं बसवली व्हती मेंढरं. दोन सालं झाली, कोकरू देत न्हाई ती, पाय बी गेलाय. म्हणून यापाऱ्याला निरोप धाडला."

"मग शेठला कसा गेला?"

नातीच्या चेहऱ्याचा रंग उतरला. तिनं आजोबांचा फोन घेतला. त्यांना वाचता येत नाही म्हणून तिनंच प्रत्येक नंबराला चित्र लावून दिलं होतं. मेंढरांच्या व्यापाऱ्याला टेम्पो, आणि शेठना तराजू, कारण त्यांच्या दारात तराजू आहे. व्यापारी मात्र त्या साली मेंढरं वजनावर घ्यायला लागला होता. बाबांच्या डोक्यात तराजू म्हणजे तो. आणि दोघांनाही ते शेठच म्हणत.

"आणि तो एक का दाबलात?"

बाबा ओशाळून म्हणाले, "फोनात एक बाई बोलली. 'तुमची बांडी विकायची आहे का? होय असेल तर एक दाबा.' मला वाटलं, यापाऱ्यानं बी बाई ठेवली कामाला. लई सुधारला म्हणलं."

सगळ्यात आधी हवालदार हसले, मग मीही. शेठ मात्र हसले नाहीत. म्हणाले, "चूक माझीही आहे. त्यांचा आवाज ओळखला आणि मेंढरांचं ओरडणं ऐकूनही मला कळलं नाही. माझा फोन लागला नव्हता. यंत्राचा लागला, म्हणून मी परत केला नाही. करायला हवा होता."

मला तिथे त्या माणसाचा आदर वाटला. बाजू शंभर टक्के कागदावर सिद्ध झालेली असताना स्वतःची चूक सांगणारा संशयित मी दुसरा पाहिला नाही. फोन बंद ठेवण्याचं कारणही साधं निघालं. रविवारी त्यांचा उपवास आणि मौन होतं.

बाबा उठून उभे राहिले. "शेठ, मी तुमास्नी भर बाजारात चोर म्हणलं."

"म्हणालात खरं."

"आता काय करू? सांगा. नाक घासू?"

"नाक नको. त्याच बाजारात चहा पाजा."

आणि तसंच झालं. मी अटकेचा कागद बिनसहीचाच फाईलला लावला, टोपी घातली, नातीलाही बरोबर घेतलं आणि दोघांच्या मधून चालत निघालो. साहेब मुद्दाम पायी चालले आहेत, हे लोकांनी पाहावं एवढाच हेतू होता. गर्दी दुतर्फा उभी. बाबा ज्याला त्याला थांबवून सांगत होते, "माझीच चूक व्हती, पावणं. मी येडा." पुढारी कधी निघून गेला ते कळलंही नाही. माझ्या खबऱ्यानं चार चहा दिले आणि पैसे घेईना, कारण टेम्पोत खरोखर रद्दीच निघाली होती आणि ती खबर त्यानंच दिली होती.

चहा पिता पिता शेठनं हळूच विचारलं, "बाबा, ती खरी बांडी कुठं आहे?"

"हाय की. निरोप पोचलाच न्हाई यापाऱ्याला. उद्या धाडतो."

शेठनं कप खाली ठेवला. "नका धाडू. वजनावर घेतल्यावर ती कुठं जाते ते मला ठाऊक आहे. तिचा चारा माझ्याकडे लागला."

"आवो, वांझ हाय ती. लंगडी. तिच्यात परतावा न्हाई."

"असू द्या," शेठ म्हणाले. "इतकी वर्षं लोकांना परतावा सांगतोय. एखादी गोष्ट बिनपरताव्याची राहू द्या."

घोंगडीच्या टोकानं बाबांनी डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या खात्यात पैसे आले. फी तेवढी काढून बाकीचे परत फंडात गेले, नाव पुन्हा बांडीच. शेठनं मात्र दोन बदल केले. यंत्रातली बाई आता म्हणते, "ही पैशांची बांडी आहे, मेंढी नव्हे." आणि एक दाबला तरी विक्रीआधी शेठचा स्वतःचा फोन येतो. तो लागेपर्यंत काही विकलं जात नाही.

मला निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. निवृत्तीचे पैसे मी शेठकडेच ठेवलेत. नाव विचारलं तेव्हा तोंडून 'मुद्देमाल' असं निघालं, तेच राहिलं. अधूनमधून त्यांचा फोन येतो, "साहेब, मुद्देमालातून थोडा सोडायचा का?" मी म्हणतो, आधी घरच्या कोर्टाचा आदेश घेतो. मंचरच्या दवाखान्यात परवा माझा रक्तदाब तपासायला जी सिस्टर आली ती बाबांची नात. पट्टा आवळताना म्हणाली, "बांडी आहे अजून काका. आता तिला बसून खायची सवय लागलीय."

मी आयुष्यभर समजत आलो की यंत्र माणसाला फसवणं सोपं करतं. करतंही. पण त्या दिवशी एका भल्या माणसाचं नाव वाचलं ते त्यानं रोजच्या रोज प्रामाणिकपणे ठेवलेल्या यंत्रातल्या नोंदीमुळे, आणि पाच मिनिटं थांबा म्हणणाऱ्या एका हवालदारामुळे. दोघांपैकी एक जरी नसता तरी मी सही केली असती.

प्रकरण मिटल्यावर त्याच संध्याकाळी हवालदारांनी ड्रॉवरमधून तो घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. तक्रारदाराची बांडी मेंढी, आणि त्यावर माझी लाल रेघ. तपासाचं उत्तर पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं, ते मीच खोडलं होतं. मी पेन मागितलं, रेघेखाली लिहिलं, 'तक्रार बरोबर. मेंढी सुखरूप,' आणि सही केली. त्या दिवशी मी केलेली तेवढी एकच सही.