पांढरा, ठिपके नाहीत

रीडिंगकाकांनी एकतीस वर्षं लोकांच्या घरचे पाण्याचे मीटर वाचले आणि जे दिसलं तेच वहीत लिहिलं. ऐकायला यात काही विशेष वाटत नाही. पण त्या खात्यात ज्यांनी दिवस काढलेत त्यांना विचारा. घराला कुलूप दिसलं की बाकीचे रीडर कोपऱ्यावर चहा मागवायचे आणि मागच्या आकड्यात अंदाजाने दहा-बारा मिळवून मोकळे व्हायचे. काका 'दार बंद' एवढंच लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. तिसऱ्या दिवशी पुन्हा. एका बंगल्यातला मीटर अकरा महिने एकाच आकड्यावर बसून होता. काकांनी अकरा महिने तोच आकडा लिहिला आणि पुढे 'मीटर हलत नाही, नळ चालू आहे' असंही लिहिलं. बंगला खात्याच्याच मोठ्या साहेबांचा होता. काकांना बढती कधी मिळाली नाही.

लग्नही असंच हुकलं. सगळं जमत आलं होतं. होणाऱ्या सासूबाईंनी लाडात येऊन विचारलं, "माझं वय किती वाटतं हो तुम्हाला?" काकांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि आकडा सांगितला. तो बरोबर निघाला.

त्यामुळे घरात दोघंच, काका आणि त्यांची थोरली बहीण अक्का. आईवडील लवकर गेले. अक्कांनी शिंप्यांच्या दुकानांची काजं-बटणं करून धाकट्या भावाला वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं. चाळीस वर्षं सुईच्या टोकाकडे पाहून त्यांचे डोळे थकले असं त्या म्हणत. डॉक्टर म्हणत सुईचा काही संबंध नाही, आजारच वेगळा आहे आणि त्याला औषध नाही. कशामुळे का असेना, चार वर्षांत अक्कांच्या नजरेतून एकेक वस्तू निघून गेली. आधी पेपर, मग घड्याळ, मग माणसांचे चेहरे. शेवटी उरलं ते राखाडी धुकं, आणि त्या धुक्यात पलंगाच्या कडा, टेबलाचे कोपरे आणि नडग्यांवरचे काळेनिळे डाग.

खात्यातल्या एका जुन्या फिटरकडे डाल्मेशियन कुत्री होती. ती व्याली, पाच पिल्लं झाली. "अक्कांना सोबत होईल," म्हणत त्याने एक काकांना देऊ केलं. अस्सल जातीच्या कुत्र्याची जन्मल्यापासून सात दिवसांत श्वान नोंदणी संघाकडे नोंद करावी लागते. फिटरला लिहिण्याचा कंटाळा. त्याने पाचही पिल्लांच्या नव्या मालकांना बोलावून ज्याचा त्याचा फॉर्म ज्याच्या त्याच्या हातात दिला.

रंगाच्या रकान्यात चौघांनी डोळे मिटून 'पांढरा, काळे ठिपके' असं लिहिलं. डाल्मेशियन म्हटलं की ठिपके, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. काकांनी चष्मा पुसला, पाच दिवसांचं पिल्लू तळहातावर घेतलं, पोटाखाली पाहिलं, कानामागे पाहिलं, बोटांच्या बेचक्यांत पाहिलं. पिल्लू धुतल्या तांदळासारखं स्वच्छ होतं. त्यांनी लिहिलं, 'पांढरा, ठिपके नाहीत.'

"अहो, येतील ना ठिपके!" फिटर म्हणाला. "या जातीत दुसऱ्या आठवड्यात येतात."

"आले की कळवीन," काका म्हणाले.

बाराव्या दिवशी ठिपके आले. काकांनी त्याच दिवशी संघाला पत्र टाकलं. तीन आठवड्यांत बाकीच्या चार पिल्लांचे कागद घरपोच आले. ज्यांनी नसलेले ठिपके लिहिले त्यांची कामं सरळ झाली. काकांच्या घरी काहीच आलं नाही.

दोन महिन्यांनी अर्ज परत आला. त्यावर शेरा होता, 'डाल्मेशियन ठिपक्यांशिवाय नसतो. खुलासा करावा.' काकांनी खुलासा केला, आपल्या आधीच्या पत्राची तारीखही दिली. सहा आठवड्यांनी उत्तर आलं, 'फोटो पाठवावा.' काकांनी तीन बाजूंनी काढलेले तीन फोटो पाठवले. पुन्हा महिना गेला. मग आलं ते पत्र काकांनी चारदा वाचलं. फोटोतल्या कुत्र्याला ठिपके आहेत, अर्जातल्या कुत्र्याला नाहीत, सबब ही दोन वेगळी जनावरं आहेत. अर्जातल्याची नोंद ठिपके नसल्यामुळे होऊ शकत नाही. फोटोतल्यासाठी नवा अर्ज करावा, मात्र तो जन्मापासून सात दिवसांच्या आत असावा.

म्हणजे पाच महिने कागदी घोडे नाचवून काका दोन कुत्र्यांचे मालक झाले होते आणि दोन्हींची नोंद अशक्य होती. फिटर म्हणाला, "आणखी दोन पत्रं टाका, तिसरा मिळेल."

इकडे घरात निराळंच घडत होतं. पिल्लू घरी आलं तेव्हा ठिपके फिकट होते, पांढऱ्या फरशीवर अक्कांना ते दिसायचंच नाही. एकदा तर त्यांचा पाय त्याच्यावर पडता पडता राहिला. पण ठिपके गडद होत गेले, अंगभर पसरले, आणि एका सकाळी अक्का गॅलरीच्या दारात थबकल्या.

"थांब," त्या म्हणाल्या. "हा दिसतोय मला."

"कोण?"

"अरे, हा! हे बघ, इथे आहे. आता वळला. आता बसला." अक्का बोट दाखवत होत्या आणि बोट बरोबर होतं.

पांढऱ्यावर काळं, तेही हलणारं, एवढंच त्या डोळ्यांना अजून पकडता येत होतं. काकांनी भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ काढला. त्यांना रडू आलं होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. कित्येक महिन्यांत अक्कांच्या तोंडून 'दिसतंय' हा शब्द आला नव्हता.

त्या दिवसापासून अक्का त्याला 'राजे' म्हणू लागल्या. राजे पुढे, अक्का मागे. पलंगापासून गॅलरीपर्यंत, गॅलरीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून जिन्याने खाली अंगणात. राजे कोपऱ्याला वळसा घालून गेले की अक्काही वळसा घालत. नडग्यांवरचे डाग गेले. अक्का शेजारणीकडे एकट्या जाऊन बसू लागल्या आणि तिथे जाऊन भावाची स्तुती करू लागल्या.

मग इमारतीत कुणाच्या तरी बिननोंदणीच्या कुत्र्याने लिफ्टमध्ये कुणाला तरी चावा घेतला. समितीने नियम केला की नोंदणी नसलेला कुत्रा महिनाअखेरपर्यंत हलवायचा. नोटीस घेऊन सेक्रेटरी स्वतः आले.

"तुम्हाला काय चिंता, काका! तुमचा तर जातिवंत आहे. कागद दाखवा, संपलं."

"अर्ज केलेला आहे."

"अर्जाला कागद म्हणत नाहीत, काका."

काका नोंदणी संघात गेले. कचेरी लोखंडी सामानाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होती आणि मंगळवारी-शुक्रवारी तीन तास उघडायची. टेबलामागे नोंदणीबाई. समोर फाइलींचा डोंगर, बाजूला जेवणाचा डबा, भिंतीवर कुठल्या तरी जुन्या विजेत्या कुत्र्याचा फोटो. बाई स्वभावाने वाईट नव्हत्या. त्यांनी फाइल काढली, पूर्ण वाचली आणि डोकं धरलं.

"काका, तुम्ही 'ठिपके नाहीत' असं लिहिलंत कशाला?"

"नव्हते म्हणून."

"आता एकच वाट आहे. असं निवेदन द्या की ठिपके जन्मतःच होते, माझ्याकडून पाहण्यात चूक झाली. मग कुत्रा एकच ठरतो. आठवड्यात कागद देते."

"पण ठिपके नव्हते."

"मला माहितीये हो. माझ्या मावशीकडे होते डाल्मेशियन. पिल्लं पांढरीच जन्मतात."

"मग तुम्हीच तसं लिहा की फाइलवर."

"मी कशी लिहू?" बाई म्हणाल्या. "मी तुमचं पिल्लू पाहिलेलं नाही. न पाहिलेलं मी लिहीत नाही."

इतकी वर्षं काका लोकांना हेच ऐकवत आले होते. त्यांनी छत्री उचलली आणि घरी आले. निवेदन दिलं नाही. अक्कांना म्हणाले, "काहीतरी मार्ग निघेल."

मार्ग निघाला नाही, महिना निघून गेला. एक तारखेला काकांनी राजांना फिटरकडे नेऊन ठेवलं. पहिल्या दिवशी अक्का भिंत धरून चालल्या. दुसऱ्या दिवशी पलंगाच्या कडेला त्यांचा पाय आपटला. काका धावले तर म्हणाल्या, "काही नाही रे, माझंच लक्ष नव्हतं." तिसऱ्या दिवशी त्या गॅलरीत गेल्या नाहीत, शेजारणीकडेही नाही. खुर्चीत बसून राहिल्या आणि संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, "तू कशाला जिवाला लावून घेतोस? जे नव्हतं ते नव्हतं. खोटं लिहून आणलेला कागद मला या घरात नको."

चौथा दिवस शुक्रवार होता. काका संघाचं दार उघडायच्या आधीच जिन्यावर उभे होते.

बाईंनी कोरा कागद पुढे केला, मजकूर सांगितला. काकांनी त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं की पिल्लाला जन्मवेळी ठिपके होते आणि मी ते नीट पाहिले नाहीत. 'नीट' या शब्दापाशी पेन थांबलं. बाईंना वाटलं शाई संपली, त्यांनी दुसरं पेन दिलं. सही करून काका उठले तेव्हा त्यांना आपण आजारातून उठल्यासारखं वाटलं, बरं न होता.

"झालं! एवढंच तर होतं," बाई म्हणाल्या आणि शिक्का मारला.

कागद खरोखर आठवड्यात आला, जाड आणि सोनेरी कडेचा. सेक्रेटरींनी वरची ओळ पाहिली आणि "छान" म्हणून परत दिला. काका फिटरकडून राजांना घेऊन आले. राजे दारातून आत शिरताच अक्कांनी मान वळवली, बरोबर त्यांच्या दिशेने. "आले, आले!" म्हणत त्या खुर्चीतून उठल्या आणि त्यांच्यामागून सरळ गॅलरीत गेल्या. पडदा, कपाट, स्टूल, कशालाही धक्का लागला नाही.

मग म्हणाल्या, "आता वाच बघू तो कागद."

काकांनी वाचलं. जात, बापाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख. "रंग पांढरा, काळे ठिपके."

"बघ!" अक्का हरखून म्हणाल्या. "शेवटी त्यांनाच खरं मानावं लागलं ना? मी शेजारणीला म्हटलंच होतं, माझा भाऊ एक अक्षर खोटं लिहायचा नाही. बसू दे त्यांना वर्षभर कागद अडवून! आणखी काय लिहिलंय?"

खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. मालकाच्या लेखी कबुलीनुसार जन्मवेळची नोंद निष्काळजीपणाने केलेली होती, सबब ती रद्द. काकांनी ती ओळ मनात वाचली.

"एवढंच," ते म्हणाले.

अक्कांनी गॅलरीतून शेजारणीला हाक मारली. ती हात पुसत आली. "वाच रे पुन्हा, हिलाही ऐकू दे," अक्का म्हणाल्या. काकांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. या खेपेला ती ओळ गाळताना त्यांची जीभ जराही अडखळली नाही, आणि त्याचंच त्यांना फार वाईट वाटलं.