सेकंडहँड पिस्तूल आणि वहिनींचं कुंकू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी दुसरं काही लपवलं असेल असं मला आठवत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणजे हेही तसं भित्रेपणाचंच झालं. धाडस हा माझा प्रांत नाही, हे सुरुवातीलाच कबूल करतो. आणि तरीही आठ वर्षं माझ्या कपाटात पिस्तूल होतं.

हसू आलं ना? येऊ दे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही लालबागची खोली विकून मीरा रोडला, पूनम सागरमध्ये राहायला आलो. मी भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात कॅशियर होतो. महिन्याच्या महिन्याला कामगारांचा पगार बँकेतून आणायचा, बॅग छातीशी धरून रिक्षात बसायचं, एवढंच काम. एकदा कुणीतरी मागे लागल्याचा मला भास झाला. भासच असणार. पण शेठ घाबरले, त्यांच्या ठाण्याला ओळखी होत्या, आणि वर्षभरात माझ्या नावावर परवाना आला. शेठ म्हणाले, "सावंत, लायसन मैंने दिलाया, अब घोडा तुम लो."

घोडा घ्यायचा म्हणजे काय खायचं काम होतं? बरं पिस्तूल घ्यायची माझी ऐपत नव्हती. शहरातल्या एका दुकानात सगळ्यात स्वस्त जे होतं ते घेतलं. कागदावर त्याला रिव्हॉल्वर म्हणतात, आमच्या तोंडी पिस्तूलच. तीन-चार मालक आधीच होऊन गेलेले. परदेशी आहे असं दुकानदार म्हणाला. नाव घासून गेलं होतं, त्यामुळं कुठल्या देशाचं ते त्यालाही सांगता येईना.

पण बिल्डिंगमध्ये माझी जी वट वाढली, ती काय सांगू! तोवर मला 'अहो कॅशियर' म्हणून हाक मारणारी माणसं 'सावंतसाहेब' म्हणायला लागली. तळमजल्यावरचे शहाभाई विचारायचे, "साहब, असली है ना?" सोसायटीच्या मीटिंगला मी बोललो की लोक ऐकून घेत. आणि निवडणूक आली की भागातल्या आम्हा सगळ्या परवानेवाल्यांची पिस्तुलं पोलिस ठाण्यात जमा करावी लागत — ती रांग म्हणजे तर गंमतच. एक बिल्डर, एक पेट्रोल पंपवाला, एक मिठागराचा ठेकेदार आणि मी. पावती मिळेपर्यंत तासभर गप्पा. कुणाचं किती भरवशाचं, कुणाचं किमतीच्या मानानं कसं. बिल्डरचं महागडं होतं, तो माझ्याकडं बघून म्हणायचा, स्वस्तातल्या वस्तूचा काय भरवसा? मी म्हणायचो, "शेठ, तुमच्या अर्ध्या किमतीत घेतलंय. पण एकदाही दगा दिलेला नाही. पैसा वसूल!" आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. आमच्यापैकी कुणीच आपलं पिस्तूल कधी चालवलेलं नव्हतं, हे आता कळतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी मात्र एकदा ती मूठ उघडली होती.

मुर्धा गावाकडच्या एका बंद पडलेल्या मिठागरावर. एका रविवारी सकाळी, एकटाच. परवानगी? कुणाची विचारणार? मला फक्त बघायचं होतं — आपल्याला जमतं का. बांधावर एक फुटका हंडा ठेवला आणि चाप ओढला. टक्. काहीच नाही. पुन्हा ओढला, तेव्हा बार झाला आणि मी जवळजवळ चिखलात बसलो. सहापैकी दोन काडतुसं उडालीच नाहीत. मी काडतुसं बदलून पुन्हा सहा लावली. पुन्हा दोन — फक्त टक्. म्हणजे दोष काडतुसांत नव्हता. तिथं जाळं घेऊन एक म्हातारा निघाला होता, तो थांबून बघत होता. म्हणाला, "साहेब, याचा काय भरवसा न्हाय. बायकोला भ्या दाखवाया बरा हाय."

मी हसलो. घरी येऊन बायकोला म्हणालो, एकदम फर्स्टक्लास आहे.

का म्हणालो? दुरुस्तीला का नेलं नाही? नेलं असतं तर दुकानदारानं सांगितलं असतं की हे बदला, दुसरं घ्या, आणि दुसरं घ्यायला माझ्याकडं काही नव्हतं. आणि मग निवडणुकीच्या रांगेत मी काय बोललो असतो? मी तेल लावलं, फडक्यात गुंडाळलं, कपाटात ठेवलं. म्हटलं, कुणाला कधी चालवायचंय?

आता दत्ताराम. त्याच्याबद्दल सांगायचं टाळतोय मी, तुमच्या लक्षात आलं असेलच.

दत्ताराम देवरुखकर आमच्या मजल्यावर समोरच राहायचा. रत्नागिरीकडचा, सोनार, माझ्याहून चार वर्षांनी लहान. स्टेशनजवळ त्याचं छोटंसं दुकान होतं. पण दुकानदारापेक्षा तो कारागीर मोठा. नथीचं काम असं करायचा की भाईंदरच्या मोठ्या पेढ्या त्याच्याकडं नथी करायला पाठवायच्या. त्याची बायको, सुलभावहिनी, माझ्या बायकोची मैत्रीण. दत्तारामची आई त्यांच्याकडंच असायची. दोन्ही घरांची दारं दिवसभर उघडीच असत.

नव्वद सालानंतर आमच्याकडं सोनारांना, बिल्डरांना खंडणीचे फोन यायला लागले. दत्तारामलाही दोन-तीनदा आले. त्यानं परवान्याचा अर्ज केला, खेटे घातले, अखेर परवाना मिळाला. मग तो माझ्याकडं आला. दुसरं कुणाकडं जाणार? आमच्या बिल्डिंगमध्ये पिस्तुलातलं ज्याला कळतं असा मीच एक! सरकारी कारखान्याचं नवीन घ्यावं तर किती महिने थांबावं लागेल, आणि किंमतही दणदणीत. म्हणाला, "दादा, तुझ्यासारखंच एखादं जुनं मिळालं तर चालेल का रे? तुझा अनुभव काय?"

त्या वेळी आमच्या कारखान्यानं पगार आणायला गाडी आणि बंदूकवाला गार्ड ठेवला होता. माझं पिस्तूल नुसतंच पडून होतं. खरं म्हणजे ते कपाटात असलं की मला मुर्ध्याचा तो म्हातारा आठवायचा.

मी म्हणालो, "दुसरं कशाला? माझंच घे. आठ वर्षांत एकदाही दगा नाही दिला."

ज्या भावाला घेतलं त्याच भावाला दिलं. दत्तारामला वाटलं, मित्रानं उपकार केले. ठाण्याला जाऊन आम्ही रीतसर कागद केले, आणि येताना त्यानं माझ्या मुलांसाठी पेढे घेतले. मी खाल्ले त्यातले दोन.

त्यानंतर महिन्याभरात दसरा आला. दत्तारामनं पाटावर सगळी हत्यारं मांडली — हातोड्या, चिमटे, फुंकणी, काटा — आणि मधोमध ते पिस्तूल, रिकामं करून. मला मुद्दाम बोलावलं होतं. वहिनींनी झेंडूचं फूल वाहिलं, हळदकुंकवाचं एक-एक बोट पिस्तुलाच्या मुठीला लावलं. फक्त मुठीला. अक्षता वाहताना तर त्या दोन हात लांबच राहिल्या, त्यांना त्याची भीती वाटत होती. दुसऱ्या दिवशी दत्तारामनं माझ्यासमोर ते मलमलीच्या फडक्यानं असं पुसलं, जसा तो गिऱ्हाइकाचा दागिना पुसायचा. कुंकवाचा कणसुद्धा राहिला नव्हता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. हे लक्षात ठेवा, कारण मी ते विसरल्याचं सोंग केलं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी दोन माणसं दुकानात शिरली. एकाच्या हातात जाड पात्याचा चॉपर होता. त्यांनी अंगठ्यांचा ट्रे मागितला. दत्ताराम नंतर मला म्हणाला, "मी दिलाच असता रे. पण म्हटलं, आपल्याकडं आहे ना!" त्यानं गल्ल्याखालून पिस्तूल काढलं आणि चाप ओढला.

टक्.

त्याला दुसऱ्यांदा ओढायला वेळ मिळाला नाही. चॉपर उजव्या मनगटावर बसला. ट्रे घेऊन ते पळाले; पुढं कधी सापडले नाहीत. मनगटातल्या शिरा तुटल्या होत्या. डॉक्टरांनी जोडल्या, पण बोटं मिटेनात. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना टेकेना. सोनाराला दुसरं काय लागतं हो?

इथवर मी खोटारडा होतो. पण यापुढं जे केलं, त्याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आम्ही सगळे उभे होतो. सगळी बिल्डिंग. दत्तारामची आई बाकावर बसून रडत होती. वहिनी भिंतीला टेकून उभ्या, साडीवर रक्त तसंच. फौजदार आले, त्यांनी विचारलं, "हत्यार चाललं नाही म्हणता. आधी कुणाचं होतं?" सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. शहाभाई म्हणाले, "साहब, आप तो बोलते थे कभी धोका नहीं दिया?"

एवढंच. शहाभाईंच्या मनात काही नव्हतंही. पण माझे कान तापले. आठ वर्षांची माझी सगळी 'सावंतसाहेब'की त्या व्हरांड्यात एका क्षणात जाणार होती. आणि माझ्या तोंडून शब्द निघाले — मी ठरवलं नव्हतं, शपथ घेऊन सांगतो... नको, शपथ नको. निघाले, खरं आहे.

"माझ्याकडं होतं तोवर कधी अडलं नाही. दसऱ्याला पूजेत ठेवलेलं ना, वहिनी? हळदकुंकू, अक्षता... आत गेलं असेल काहीतरी."

सगळे वहिनींकडं वळले. त्यांनी आपला उजवा हात वर केला आणि बोटांकडं बघितलं. फौजदारांनी मान डोलावली, म्हणाले, "होतं असं. लोक पूजा करतात नि तेल घालत नाहीत." मग ते निघून गेले. पिस्तूल त्यांनी मुद्देमाल म्हणून नेलं. त्याची तपासणी झाली का, काय निघालं, कुणी विचारलं नाही. मी तरी कशाला विचारू?

पुढचं सांगायला जड जातं. दत्तारामनं बायकोला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. तो तसा नव्हताच. पण त्याची आई! दाराला दार लागून, सगळं ऐकू यायचं. "हिच्या कुंकवानं माझ्या पोराचा हात खाल्ला." रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी. वहिनींनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाणं सोडलं. माझी बायको बोलवायला गेली तर म्हणाल्या, "नको गं, माझा हात चांगला नाही." कपाळाला त्या ओलं कुंकू लावायच्या, त्याऐवजी टिकली लावायला लागल्या. दसऱ्याला पाट मांडायचं दत्तारामनं बंद केलं — त्या नाही म्हणाल्या म्हणून. बायको मला सांगायची हे सगळं, रात्रीच्या जेवणावर. मी म्हणायचो, काळ हे औषध आहे. असली वाक्यं मला चटकन सुचतात.

दुकान गेलं. दत्ताराम दुसऱ्याच्या पेढीवर गिऱ्हाइकांना दागिने दाखवायला बसू लागला, डाव्या हातानं. मग फ्लॅट विकून ती मंडळी काशीगावात भाड्याच्या जागेत गेली. मी जायचो अधूनमधून. दर वेळी रिक्षात ठरवायचो, आज सांगायचं. वाक्यसुद्धा तयार असायचं: दत्ता, ते आधीपासूनच बिघडलेलं होतं. सहा शब्दही नाहीत! आणि दत्ताराम दार उघडून म्हणायचा, "ये रे दादा, तुझीच आठवण काढत होतो," आणि वहिनी चहा टाकायच्या, आणि मी चहा प्यायचो. सांगून काय होणार, त्याचा हात थोडाच परत येणार — असं मनाशी म्हणायचो. हात नसता आला. पण वहिनींचा हात परत आला असता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

आधी त्याची आई गेली. शतकाच्या अगदी शेवटी दत्ताराम गेला, हार्टनं, झोपेतच. तेराव्यानंतर काही दिवसांनी मी एकटाच भेटायला गेलो. आता घरात दुसरं कुणी नव्हतं. फौजदार नाहीत, शहाभाई नाहीत, ऐकणारी एकटी बाई. यापेक्षा सोपी वेळ कुठली मिळणार होती?

मी तोंड उघडायच्या आत वहिनीच बोलल्या. खाली बघून, पदराचं टोक पिळत.

"भाऊजी, एक बोलायचं होतं. हे असताना धीर झाला नाही. तुमची इतक्या वर्षांची चांगली वस्तू, तुम्ही विश्वासानं दिलीत. माझ्या हातानं बिघडली. लोक तुम्हालासुद्धा बोलले असतील. मनात ठेवू नका."

आणि त्या वाकल्या. माझ्या पायाशी.

मी त्यांना उठवलं. माझा आवाज अगदी प्रेमळ होता, मला आठवतोय. म्हणालो, "काहीतरीच काय, वहिनी. मी केव्हाच विसरलो. माझ्या मनात काही नाही."

त्यांनी डोळे पुसले. म्हणाल्या, "फार बरं वाटलं."

मी त्यांना माफ करून घरी आलो. बायकोनं ताट वाढलं होतं; जेवलो.